आज जमीन काय म्हणते?

४ जानेवारी १९९५, तांबरवाडी

सामान नीट पोचलं. टेपरेकॉर्डर कॉलेजच्या विभागाचा, म्हणून नांदेड ते लातूर एसटीत मांडीवर घेऊन बसलो आणि तिथून पुढे माझ्या एम-एटी मोपेडवर छातीशी बांधून आणला. निघताना बाबांनी एकदाच विचारलं, "चंडोल नांदेडात नाहीत का रे, आलोक?" आहेत. पण इथलं माळरान मोकळं आहे, रस्ता लांब आहे, आणि चंडोल पाखराच्या गाण्यावरच्या माझ्या एम.फिल.च्या अभ्यासाला असा शांत माळ दुसरीकडे सापडला नाही. खरं कारण दुसरंही आहे. लातूरच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत मला अजून झोप लागत नाही. किल्लारीच्या भूकंपाला सव्वा वर्ष झालं, तरी मी दार उघडं ठेवून, चपला घालून पडतो. इथं गावाबाहेर सरकारनं बांधलेल्या पत्र्याच्या शेडात राहायला मिळालं. पत्रा पडला तर खोक पडेल, मरणार नाही.

भूकंपापासून सगळी वाडी अशा शेडांतच राहते; माझं शेड ईश्वरप्पांच्या शेजारी आहे. ते, त्यांची बायको गुणाबाई, सून महानंदा आणि तिचं सहा-सात महिन्यांचं लेकरू. मुलगा भीमाशंकर साखर कारखान्यावर ट्रॅक्टर चालवतो, हंगामात घरी येत नाही. गावातलं त्यांचं माळवदाचं, मातीच्या जाड छताचं घर भेगा पडून उभं आहे, कुलूप लावलेलं.

दुपारी लातूरला जाऊन क्लास घ्यायचा, पहाटे इथं रेकॉर्डिंग करायचं. जमेल असं वाटतं.

६ जानेवारी

दोन दिवस मांडामांडीतच गेले. माइक हातात धरला की बोटांची सळसळही टेपवर येते. म्हणून बाभळीची काठी रोवली आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून माइक त्यात झुल्यासारखा अडकवला. वाऱ्यासाठी स्पंज पुरत नाही. गुणाबाईंनी जुन्या घोंगडीचा तुकडा दिला, तो वरून गुंडाळला. लांबचा आवाज गोळा करायला त्यांचीच परात मागून आणली आहे. माइकचं तोंड परातीकडे करायचं आणि मागेपुढे सरकवत राहायचं. एका जागी आवाज असा उजळतो की पाखरू कानात येऊन बसल्यासारखं वाटतं.

आवाजाची सुई लाल पट्ट्यात गेली की चंडोलाचा सूर फाटतो. फार खाली ठेवली तर टेपची खरखरच जास्त येते. आज सुई बरोबर मध्ये ठेवून सबंध गाणं मिळालं. वर चढत जाताना तो मध्येच टिटवीची नक्कल करतो. ऐकताना अंगावर काटा आला. बऱ्याच दिवसांनी आनंदाचा काटा.

७ जानेवारी

आज ईश्वरप्पा काठी टेकत माळावर आले. "काय करायलात सर, पराती घिऊन?" मी हेडफोन त्यांच्या कानांना लावला. दात नसलेलं तोंड उघडून हसले. "अगं आई! चंडूल हाय की ह्यो! कानातच वरडायला!" बराच वेळ ऐकत बसले.

संध्याकाळी मारुतीच्या पारावर मात्र चार माणसांना सांगत होते, "सरांची मशीन भुईचा आवाज ऐकती. हलायच्या आधी कळतंय तिला." मी तिथंच खुलासा केला की हे पाखरांसाठी आहे. सगळ्यांनी माना हलवल्या. सकाळचं संध्याकाळी लक्षात राहत नाही, म्हातारा थकला आहे.

१० जानेवारी

माळावरून परतताना आज शेडांसमोर माणसं उभी होती. बसवंत, ज्याच्या शेताच्या बांधावर मी माइक लावतो, तो पुढं आला. "सर, आज जमीन काय म्हंती?"

मी म्हणालो, अहो, मी पाखरं ऐकतो.

"हाव, पण खालचं काही आलं का त्यात?"

"काही नाही आलं."

खोटं बोललो नाही. खरंच काही आलं नव्हतं. पण बघता बघता तीन घरांनी झोपायच्या बाजा उचलल्या आणि गावात, आपापल्या माळवदाखाली नेल्या. संध्याकाळी गावातून चुलींचा धूर निघाला. ईश्वरप्पा माझ्याकडं न बघता तंबाखू मळत होते.

१३ जानेवारी

कडाका वाढला आहे. पत्र्याला आतून दव धरतं आणि पहाटे पांघरुणावर टपकतं. गुणाबाई म्हणाल्या, "मागल्या थंडीत ह्या शेडात दोन लेकरं गेली. छाती भरून. त्यातलं एक आमच्या भावकीतलं." ईश्वरप्पा उठून बाहेर गेले.

रोज तोच प्रश्न येतो आणि मी रोज "काही नाही" म्हणतो. आता निम्मी वाडी आत झोपते. मला मात्र पाखरं नीट ऐकू येईनाशी झाली आहेत. हेडफोन लावला की आधी खालचं काही येतंय का, तिकडेच कान जातो. चंडोल गात असतो आणि मी त्याच्या मागचं ऐकत असतो.

१७ जानेवारी

लातूरला क्लासमध्ये शिकवत होतो. हॉलमध्ये एका बाकावर पाच-पाच पोरं, परभणी, नांदेड, उदगीरकडची. वरच्या मजल्यावर कुणीतरी टेबल ओढलं. गुरगुर झाली आणि सगळ्या माना एकदम वर गेल्या. पेनं थांबली. मागची एक मुलगी उठून दाराकडं धावली आणि मग ओशाळून उभी राहिली. कुणी हसलं नाही. माझ्या हातातला खडू मोडला होता.

क्लासचे मालक साहेबराव सर नंतर म्हणाले, "फेब्रुवारीपासून तुम्ही इथंच राहायचं. नव्या होस्टेलवर, तिसऱ्या मजल्यावर खोली देतो. पहाटेची बॅच लावू. पोरं बोर्डात यायची हायेत आन् तुम्ही पाखरं मोजता!" बघतो म्हणालो. तो जिना, ते बारीक खांब. आणि वाडी सोडून गेलो तर त्यांना सकाळी कोण सांगणार?

हे लिहिलं आणि पुन्हा वाचलं. मी हे काय लिहितोय?

२० जानेवारी

महानंदा आजवर माझ्याशी बोलली नव्हती. तिचं माहेर किल्लारीजवळचं. आई आणि भाऊ माळवदाखाली गेले. ती घरात पाऊलही टाकत नाही, स्वयंपाकही शेडाबाहेर करते. आज लेकराला कडेवर घेऊन आली. लेकरू खोकत होतं.

"सर, खरं सांगा. तुमच्या मशीनला कळतं का?"

तिच्या मागं गुणाबाई उभ्या होत्या. हात जोडलेले नव्हते, पण जोडल्यासारखेच वाटले. मी म्हणालो, "मी रोज ऐकतो, वहिनी. मन लावून ऐकतो."

"आन् काही आलं तर सांगता?"

"सांगेन."

"जिम्मा तुमचा?"

मी मान हलवली. तिनं खोकणाऱ्या लेकराला पदरात गुंडाळलं. मग विचारलं, "तुम्ही कुठं झोपता?"

"शेडातच. इथं सामान आहे ना."

दिवेलागणीला तिनं लेकराला घेऊन घराचा उंबरा ओलांडला. ईश्वरप्पांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी शेडात येऊन चपला घालूनच पडलो.

२४ जानेवारी

बसवंतच्या बैलानं काठी मोडली. माइक वाचला, देवाची कृपा. नव्या वसाहतीच्या बांधकामावरून लोखंडी सळई मागून आणली. बाभळीच्या काठीपेक्षा कितीतरी पक्की. माळ दगडासारखा आहे, पण बसवंतच्या नव्या पाइपाशेजारी माती नुकतीच उकरलेली आणि ओली आहे, तिथं सळई सहज गेली, हातभर खोल. बसवंत खुशीत आहे. बोअरला पाणी लागलं, आज आत मोटर सोडली. आवाज न करणारी, पाण्यात बुडून चालणारी. पेढे वाटले. उद्यापासून शेतीची लाइट पहाटेची आहे म्हणाला.

२५ जानेवारी



पहाटे हेडफोन लावून बसलो होतो. चीरक पाखरू बोलायला लागलं होतं. शेडांवरचा सरकारी दिवा पेटला तेवढ्यात खालून एक आवाज आला. आवाज म्हणावा की नाही कळत नाही. गुंगणारा, जड, न थांबणारा. हेडफोन काढला, सगळीकडे शांतता. पुन्हा लावला, आहेच. जमिनीला कान लावला, काही नाही. हात टेकला, काही नाही. टेप नीट आहे, सेल नवे आहेत, घोंगडी जागेवर आहे. वारा नव्हता. सगळं तपासलं. सुई हलके हलके धडधडत होती.

खाली आलो तेव्हा लोक उभे होते. "काही नाही," म्हणालो. आज पहिल्यांदा खोटं बोललो.

२६ जानेवारी

पहाटे पुन्हा तोच आवाज. तितकाच जड.

झेंडावंदनाला सगळी वाडी शाळेसमोर होती. पोरांचं गाणं झालं. महानंदा लेकराला घेऊन पहिल्या रांगेत उभी होती, नवं लुगडं नेसलेली. झोप झालेला माणूस कसा दिसतो ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. बसवंतनं विचारलं, "सर, आज काय म्हंती?"

मला "काही नाही" म्हणता आलं नाही. तोंडातून निघालं, "आज बाहेर झोपा."

कुणी काही विचारलं नाही. हेच भयंकर होतं. बायकांनी लेकरं उचलली, माणसं बाजा आणायला धावली. कुणीतरी पायरीवर पडलं. ईश्वरप्पा माझा दंड धरून म्हणाले, "काय ऐकलं? खरं सांगा, काय ऐकलं तुम्ही?" मी सांगितलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. "खालून? खरंच खालून?" म्हणत राहिले.

लोकांनी शेडंसुद्धा नको म्हटलं. उघड्या माळावर कापडं अंथरली. आभाळ भरून आलं आहे.

२८ जानेवारी

जमीन हलली नाही. पाऊस मात्र आला. अवकाळी, गारठलेला. माळावर आडोसा नव्हता. शेडात चला म्हटलं तर महानंदा तयार नव्हती, भिजल्या घोंगडीत लेकराला पोटाशी धरून बसली होती. सकाळी लेकराच्या फासळ्या आत-बाहेर होत होत्या आणि ओठ निळे पडले होते.

एम-एटीवर मागं ती, मध्ये लेकरू. लातूरपर्यंत मला त्याचा श्वास ऐकू येत होता. गाडीच्या आवाजातही फक्त तोच. खड्ड्यात गाडी आपटली की तो थांबल्यासारखा वाटे, पुन्हा सुरू होई. 

दवाखान्यात नळी लावली आहे. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस बघू.

३० जानेवारी

लेकरू दूध प्यायलं. डॉक्टर म्हणाले, धोका टळला, पण थंडीत ठेवू नका, घरात ठेवा. महानंदा त्यांच्याकडं अशी बघत राहिली, जणू ते दुसऱ्या भाषेत बोलत होते.

साहेबराव सर दवाखान्यात येऊन भेटून गेले. फळं आणली. जाताना म्हणाले, "दोन दिवस क्लास बुडाला. परवापर्यंत होस्टेलवर या, न्हाईतर मी दुसरा माणूस बघतो. वाईट वाटून घेऊ नका." मला वाईटही वाटून घेता आलं नाही.

१ फेब्रुवारी

दुपारी वाडीला आलो. सगळे बाहेरच आहेत. थेट माळावर गेलो, हेडफोन लावला. काही नाही. खालचा आवाज गेला होता. आनंद व्हायला हवा होता, पण उलट जास्त भीती वाटली. थांबला म्हणजे आता काय होणार?

तसाच बसून राहिलो. तेवढ्यात बांधावरून बसवंत ओरडला, "आली रे लाइट! आजपास्नं दुपारची झाली!" आणि त्याच क्षणी माझ्या कानात ते सुरू झालं. जड, गुंगणारं, न थांबणारं.

मोटरचा खटका बसवंत चालूच ठेवतो, लाइट आली की ती आपोआप सुरू होते. मी पाइपाकडं बघितलं. सळईकडं बघितलं. "बसवंत, मोटर बंद कर," म्हणालो. त्यानं केली. आवाज गेला. "चालू कर." आला. त्याला वाटलं माझं डोकं फिरलं.

सळई उपटून फेकली आणि तिथंच बसलो.

२ फेब्रुवारी

पारावर सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं. मोटरची थरथर पाइपातून सळईत, सळईतून माइकमध्ये. मशीनला जमिनीतलं काही कळत नाही, कधी कळलंच नव्हतं. मी "काही नाही" म्हणत होतो तेव्हाही मला काही माहीत नव्हतं. टेपवरचा चंडोलही ऐकवला. कुणी ऐकलं असेल असं वाटत नाही.

बसवंत उठला. "म्हंजी आम्ही रोज कुणाच्या भरवशावर आत झोपत होतो?" त्याचा आवाज चढला होता. मला वाटलं, मारतील. मारायलाच हवं होतं.

तेव्हा ईश्वरप्पा म्हणाले, "त्यांना बोलू नका. मी पैल्या दिशीच ऐकलं होतं मशीनीतून. चंडूलच होता. मीच उठवलं भुईचं. दोन लेकरं गेली शेडात, तुम्ही कुणाचं ऐकत न्हवता. म्हणलं, मशीनीचं तरी ऐकतील." मग मान खाली घातली. "माझ्याच नातवावर आलं."

आणि मी याला थकलेला म्हातारा समजत होतो.

महानंदा काल संध्याकाळी लेकराला घेऊन परतली होती. पाराच्या कडेला उभी होती. बायकांतून पुढं आली, सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर घट्ट करून. "आत बी मरण आन् बाहेर बी मरण. डाक्टर म्हणतो घरात ठेव. मंग घरातलं मरण कमी कसं होतं ते कुणी तरी सांगा. सरकारचा इंजिनेर आला होता की मागं. म्हणला होता, माळवदावरली माती उतरवा."

"माती काढली तर थंडीचं घर पडंल उघडं," गुणाबाई म्हणाल्या. "आन् उन्हाळ्यात भट्टी व्हईल."

"होऊ द्या भट्टी. भाऊ मातीखाली गेला माझा. थंडीनं न्हाई."

ईश्वरप्पा काठी टेकत उठले आणि टिकाव शोधायला गेले.

७ फेब्रुवारी

पाच माणसं आणि मी. ईश्वरप्पांचं घर पहिलं. वर चढून टिकाव मारायचा आणि घमेल्यानं माती खाली टाकायची. बाहेरून हातभर दिसते, पण खणत जावं तसा थर निघतच राहतो. दर पावसाळ्याआधी आज्या-पणज्यांनी टाकलेली भर. अंगणात ढीग आता छातीपर्यंत आला आहे. महानंदा त्याच्याकडं बघते आणि तोंड फिरवते. एवढं सगळं त्यांच्या डोक्यावर होतं, आणि मी खाली उभा राहून काही नाही, काही नाही म्हणत होतो.

कमकुवत भिंत उतरवून घेतली. वर पत्रे, आत चिंध्यांच्या गोधड्यांचं अस्तर. भीमाशंकर दोन दिवसांची सुट्टी काढून आला आहे, बायकोशी फार बोलत नाही, पण रात्री शेडात शेगडीशेजारी लेकराला छातीवर घेऊन झोपतो. माझ्या हाताला फोड आले आहेत, पेन धरवत नाही.

होस्टेलवर गेलो नाही. साहेबराव सरांनी दुसरा माणूस घेतला. दुपारच्या बॅचला मात्र "तोवर या" असा निरोप पाठवलाय. नांदेडला बाबांना अजून काही कळवलेलं नाही.

१२ फेब्रुवारी

काल घर झालं. गुणाबाईंनी उंबऱ्याला कुंकू लावलं. महानंदा बाहेरच उभी. म्हणाली, "सर, पैली रात तुम्ही झोपा."

मी म्हणालो, "मी? मी तर शेडात…"

"ते म्हाईत हाय. समद्यांला आत घालून तुम्ही शेडात झोपत होता." रागानं नाही, साधंच म्हणाली. "आज तुम्ही आत झोपा. मी दारात बसते."

सव्वा वर्षानंतर छताखाली दार लोटून पडलो. चपला काढल्या, तेव्हा पाय कुणा दुसऱ्याचे वाटले. पत्रा तडकला की उठून बसत होतो. बाहेर महानंदा गोधडीत गुंडाळलेल्या लेकराला थोपटताना बांगड्या वाजत, त्यावरून ती आहे हे कळे. पहाटे केव्हातरी डोळा लागला असावा.

जाग आली ती फळीवरच्या भांड्यांच्या आवाजानं. एक पेला किणकिणला, मग सगळेच. बाज खालून कुणी धरून हलवावी तशी हलली. बाहेर चंडोल गात होता. हलायच्या आधी गात होता, हलतानाही गात होता. त्याला काही कळलं नव्हतं. मला पळायचं होतं, पण पाय हलेनात. "आता," एवढंच मनात आलं. भिंतीवरून मातीची बारीक धार सांडली. पत्रे थडथडले.

मग थांबलं.

बाहेर आरडाओरडा, कुत्री, देवाची नावं. मी तसाच पडलेला, हात बाजेच्या लाकडावर आवळलेले. दार उघडलं. महानंदा उंबऱ्यात होती, लेकरू घट्ट धरलेलं, ओठ पांढरे. सगळे माळाकडं पळत होते आणि ती इकडं आली होती.

"पडलं का काही?"

मी वर बघितलं, नाही म्हणून मान हलवली.

ती आत आली. वर बघितलं, सगळे पत्रे, सगळ्या तुळया, एक एक. भिंतीची पडलेली माती पायानं चाचपली. मग वाकून लेकराला माझ्या शेजारी, बाजेवर ठेवलं.

"बघा जरा त्याच्याकडं," म्हणाली. "चूल पेटवते."

चूल कोपऱ्यातच आहे. ती फुंकणी घेऊन बसली. दर दोन फुंकरांनी मान वळवून वर बघत होती, मग लेकराकडं, मग पुन्हा वर. लेकरानं माझं बोट धरलं होतं. मी तेवढंही हलवलं नाही.